प्रेस शॉपमधील सुरक्षा प्रशिक्षण : एक दिवस वाया, एक दिवस वसूल

भोसरी एमआयडीसीतील आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तिन्ही पाळ्या मिळून चाळीसेक कामगार आहेत आणि त्यांपैकी निम्मे कंत्राटी आहेत. मार्च २०२४ मधील राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहाचे निमित्त साधून मालकांनी बाहेरच्या एका संस्थेकडून दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले. त्याचे अठरा हजार रुपये आणि वर जीएसटी मोजला. सुपरवायझर म्हणून मी दोन्ही दिवस हजर होतो. सहा महिन्यांत काय टिकले आणि काय विरले हे पाहून मगच हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिल्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कँटीनमध्ये पडदा लावून हेल्मेट, बूट आणि गॉगलची चित्रे दाखवली गेली व शेवटी सर्वांनी उभे राहून शपथ घेतली. सुरक्षेसाठी बसवलेल्या साधनांशी कामगाराने जाणूनबुजून छेडछाड करू नये, असे सांगणारे कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम १११ तीन वेळा वाचून झाले. मालकाची जबाबदारी सांगणारे कलम ७-अ मात्र एका फिटरने विचारले तेव्हा कुठे निघाले. मागच्या रांगेतील रात्रपाळीची मंडळी तोवर पेंगत होती आणि त्यांना दोष देता येणार नाही.

दुसऱ्या दिवशीचे प्रशिक्षक स्वतः टूलरूममध्ये, म्हणजे डाय (साचे) आणि हत्यारे बनतात त्या विभागात, वाढलेले होते. त्यांनी प्रोजेक्टर लावलाच नाही, ते थेट मशीनवर गेले. पन्नास टनी प्रेसला दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून दोन बटणे असतात, त्यांपैकी डावे बटण पुठ्ठ्याची घडी खोचून कायमचे दाबून ठेवलेले होते, म्हणजे उजव्या हाताने स्ट्रोक (प्रेसचा एक ठोका) मारायचा आणि डावा हात डायपाशी मोकळा. हे मला माहीत नव्हते असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मी ऑपरेटरवर ओरडणार इतक्यात त्यांनी मला थांबवून त्यालाच विचारले, “दादा, डाव्या हातानं काय धरावं लागतं?” तो म्हणाला, “साहेब, स्टॉपर झिजलाय. पत्रा धरला नाही तर सरकतो, पीस रिजेक्ट होतो आणि बोलणी आम्हालाच बसतात.” त्याच दुपारी स्टॉपर, म्हणजे पत्रा जागेवर अडवणारा तुकडा, बदलला. पुढच्या पंधरवड्यात प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून बटणांचे कंट्रोल पॅनलही बदलून घेतले. आता दोन्ही बटणे जवळजवळ एकाच वेळी दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली, तरच रॅम (प्रेसचा वरून दाबणारा भाग) खाली येतो, त्यामुळे पुठ्ठा खोचून काही साधत नाही.

ग्राइंडरवर त्यांनी चाक आणि टूल रेस्ट (पीस टेकवायचा आधार) यांमधील फट मोजली. ती ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आमची जवळपास १० भरली, म्हणजे लहान पीस आत ओढला जाऊन चाक फुटायला पुरेशी. ड्रिल मशीनवर तर आमचीच फजिती झाली. सगळीकडे हातमोजे सक्तीचे, अशी पाटी मीच लावली होती, आणि फिरत्या ड्रिलमध्ये सुती मोजा गुंतला की त्याच्यासोबत बोटेही जातात, हे त्यांनी मशीन बंद ठेवून, मोजा बिटाभोवती हाताने गुंडाळून दाखवले. पाटी मी त्याच संध्याकाळी काढली.

उणिवाही आहेत. गॉगल महिन्याभरात पुन्हा खिळ्याला लटकले, कारण घामाने काच धूसर होते, आणि त्यावर “सवय होईल” याखेरीज संस्थेकडे उत्तर नव्हते. रात्रपाळीसाठी वेगळे सत्र देण्याचे कबूल करूनही ते झाले नाही. ओडिशा आणि बिहारमधून आलेल्या मुलांच्या हाती इंग्रजी पुस्तिका पडली, ती आता चहाच्या टपरीवर भजी बांधायला गेली असेल. प्रमाणपत्रे दोन महिन्यांनी आली, त्यांतही अकरा नावे चुकलेली.

पुढच्या मार्चसाठी आम्ही याच संस्थेला विचारले आहे, मात्र फक्त दुसरा दिवस, तेच प्रशिक्षक आणि एक फेरी रात्री दोन वाजता, या अटींवर. पहिला दिवस पॅकेजमधून वगळता येत नाही, असे त्यांच्या कार्यालयाचे म्हणणे आहे. बोलणी अजून चालू आहेत.