शनिवार दुपारचा प्राध्यापकांचा गट: पैसे वसूल, सर्टिफिकेट बिनकामाचं

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. पुण्यात प्राध्यापकांसाठी ग्रुप मेंटॉरिंगचा एक सशुल्क कार्यक्रम चालतो. गेल्या सत्रात मी तो केला आणि मला तो आवडला. ज्यांना फक्त कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फाइलला लावायला कागद हवाय त्यांनी मात्र तिकडे फिरकू नये. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीही आहेत, आणि पुण्यातल्या कॉलेजांत कोण कुणाचं नातेवाईक निघेल याचा भरवसा नाही.

मी हडपसरकडच्या एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. ओरिएंटेशन झालंय, रिफ्रेशर झालाय, ऑनलाइन एफडीपींची (प्राध्यापकांसाठीच्या छोट्या प्रशिक्षणांची) तर भेंडोळी आहेत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे त्यांची एचआरडी सेंटरं झाली आणि २०२३ पासून मालवीय मिशनची प्रशिक्षण केंद्रं. या सगळ्या व्यवस्थेचा हेतू एकाच वेळी खूप जणांपर्यंत माहिती पोचवणं हा आहे, आणि तो ती पार पाडते. पण ‘मॅडम, तुमचं नेमकं अडलंय कुठे?’ हे तिथे कोण कुणाला विचारणार? कॉलेजात मेंटॉरिंग होतं ते मुलांचं, तेही नॅकच्या मूल्यांकनाची फाइल डोळ्यांसमोर ठेवून. मास्तरांना मेंटॉर द्यावा असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलेलं आहे. परिच्छेद १५.११ मध्ये राष्ट्रीय मेंटॉरिंग मिशनची कल्पना आहे: नामवंत ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांनी, भारतीय भाषांत शिकवू शकणाऱ्यांसह, कॉलेजातल्या शिक्षकांच्या पाठीशी उभं राहायचं. आमच्या स्टाफरूमपर्यंत ती अजून कागदावरच आलीय. म्हणून मग खिशातले साडेसहा हजार भरून हा कार्यक्रम.

स्वरूप साधं आहे. आठ जणांचा गट, पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी साडेतीनला भेट, अडीच तास. प्रत्येक वेळी दोघांनी आपापला एकेक खरा प्रश्न मांडायचा आणि बाकीच्यांनी त्यावर आधी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायची परवानगी शेवटच्या वीस मिनिटांत. प्राध्यापक मंडळींना प्रश्नचिन्हावर वाक्य संपवणं किती अवघड जातं हे पाहायचं असेल तर पहिल्या दोन भेटींना यावं. ‘तुम्हाला असं नाही का वाटत, की तुम्ही असं करायला हवं होतं?’ हा आमच्यातल्या एका सरांचा प्रश्न. गट चालवणाऱ्या मॉडरेटर बाईंनी हसत हसत तो तीनदा बदलून घेतला.

माहितीपत्रकात ही पद्धत ओहायोतल्या मायामी विद्यापीठातून घेतल्याचं म्हटलंय. (हे समुद्रकिनाऱ्याचं फ्लोरिडातलं मायामी नव्हे.) तिथे मिल्टन कॉक्स यांच्या पुढाकाराने १९७९ पासून प्राध्यापकांचे असे अभ्यासगट चालत आले, साधारण आठ ते बारा जण, वेगवेगळ्या विषयांचे, वर्षभर एकत्र. इथे मूळ कल्पना निम्म्या वेळात बसवलीय आणि ते जाणवतं. मंडळी मोकळी होईपर्यंत दिवाळीची सुट्टी लागते, सुट्टीनंतर दोन-तीन भेटी होतात की समारोप. वर्षभराचं करा, फी वाढवा, असं मी फीडबॅक फॉर्मवर लिहून आलेय.

खरी कमाई आहे ती विषयांच्या सरमिसळीत. आमच्या गटात भूगोल, इंग्रजी, वनस्पतिशास्त्र, इंजिनिअरिंगची एक तरुण मुलगी, कॉमर्सचे दोघे, ग्रंथपाल आणि मी. सगळे वेगवेगळ्या कॉलेजांचे. एकाच विभागातल्या माणसापुढे आपण अडलोय हे सांगणं म्हणजे पुढच्या वर्कलोडच्या वाटपात मार खाणं. इथे ती भीती नाही. शिवाय दुसऱ्या विषयाच्या माणसाला आपल्या विषयातलं काही ठाऊक नसतं, त्यामुळे तो थेट मुळाशी जातो.

माझंच सांगते. माझा प्रबंध चाकणच्या बाजारातल्या कांद्याच्या लिलावावर आहे. पीएचडी मिळाली आणि प्रबंध कपाटात गेला; त्यातून पेपर काढायचा म्हटलं की तीनशे पानं अंगावर यायची. मी माझ्या परीने मांडणी केली: आवक, सरासरी भाव, चढउतार, तक्ते. सगळं झाल्यावर इंग्रजीच्या मॅडमनी विचारलं, ‘पण शेतकऱ्याला आपला भाव कळतो कधी? पिशवी उतरवायच्या आधी, की नंतर?’ कॉमर्सचे सर पुढे म्हणाले, ‘आणि पटला नाही तर परत नेतो का तो माल? गाडीभाडं कोण देतं?’ मी ज्या मुलाखती घेतल्या होत्या त्यांत हे सगळं होतं. चौथ्या प्रकरणात, तळटिपांमध्ये. माझ्या गाइडनी ते कधी विचारलं नव्हतं, कारण अर्थशास्त्राच्या माणसाला लिलावाचं गणित आधी दिसतं आणि गाडीभाड्याची चिठ्ठी नंतर. त्या तळटिपांचा पेपर झाला. आता तो एका जर्नलकडे गेलाय. स्वीकारतील की नाही ते पुढचं पुढे. निदान कपाटातून बाहेर तर आला!

जर्नलांवर एक अख्खी भेट गेली आणि ती सगळ्यांत उपयोगी ठरली. ‘तीन दिवसांत प्रकाशन, शुल्क फक्त पंधराशे’ असे मेसेज आपल्या सगळ्यांना येतात. ग्रंथपाल मॅडमनी लॅपटॉपवर असंच एक जर्नल उघडलं आणि काही न बोलता संपादक मंडळाच्या यादीवर गेल्या. यादीतल्या दोघांचे फोटो एकच होते, नावं वेगळी. मग त्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाची आठवण करून दिली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) तेव्हाच्या मान्य जर्नलांच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नलं त्यांनी तपासली होती; १००९ पैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. त्यानंतर यूजीसीची पारखलेल्या जर्नलांची केअर यादी आली, तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातूनच चालायचं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली. म्हणजे आता जर्नल पारखायचं ते ज्याचं त्याने. अशा वेळी हाताशी एक ग्रंथपाल असणं म्हणजे काय, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता.

शिकवण्याबद्दलची भेटही चांगली झाली. जुन्नरकडून एसटीने येणारे भूगोलाचे सर आपल्या तासाचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण घेऊन आले होते. मॉडरेटर बाईंनी आम्हाला एकच काम दिलं: सरांनी वर्गाला प्रश्न विचारल्यापासून स्वतःच उत्तर देईपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळ लावून मोजा. ‘मान्सूनचे वारे नैर्ऋत्येकडूनच का येतात?’ एक सेकंद. दीड सेकंद. ‘तर मुलांनो, याचं कारण असं…’ सर स्वतःच खो खो हसायला लागले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात तिकडच्या शाळांच्या वर्गांत नेमकं हेच मोजलं होतं: शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात, तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. पुढच्या भेटीत सर दुसरं चित्रीकरण घेऊन आले. प्रश्न विचारून ते खिडकीशी जातात, बाहेर बघतात, परत येतात. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच हात वर करते. हे मी आता माझ्या वर्गात करते. फक्त माझ्या वर्गाला खिडकी आहे ती पार्किंगकडची, त्यामुळे दृश्य यथातथाच.

आता तक्रारी. एक, मध्येच एका भेटीला ‘मार्गदर्शक’ म्हणून एका निवृत्त प्राचार्यांना बोलावलं. अडीच तासांपैकी पावणेदोन तास त्यांनी स्वतःची कारकीर्द सांगितली. ‘आमच्या वेळी खडू संपला तर स्वतःच्या पैशांनी आणायचो.’ सर, आम्ही आजही आणतो. फक्त खडूच्या जागी प्रोजेक्टरची केबल आलीय. माणूस सज्जन होता, वाद नाही. पण गट चालवणं आणि गटापुढे बोलणं यांतला फरक आयोजकांना कळत असेल तर त्यांनी निदान पाहुण्यांना तो आधी समजावून द्यावा. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. फॉर्मवर बारीक अक्षरांत लिहिलंय की कॉलेजने फी भरली असेल तर कॉलेजला ‘प्रगती अहवाल’ दिला जाईल. आमच्या गटात सगळे स्वखर्चाने आलेले, म्हणून निभावलं. प्राचार्यांकडे अहवाल जाणार असेल तर त्या खोलीत कोण खरं बोलेल? आम्ही पहिल्याच भेटीत मॉडरेटर बाईंना विचारलं. त्यांनी ‘माझ्याकडून एक ओळही जाणार नाही’ असं स्पष्ट सांगितलं आणि तसंच वागल्या. पण तो त्यांचा स्वभाव झाला, संस्थेचा नियम नव्हे. कॉलेजच्या पैशांनी जाणार असाल तर आधी हे कलम काढून घ्या.

सर्टिफिकेटचं आता. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी एफडीपी धरायची तर ती किमान एक आठवड्याची, म्हणजे पाच दिवसांची लागते. पंधरा दिवसांतून एक शनिवार अशा हिशेबाला त्या रकान्यात जागाच नाही. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, सरांना मी कागद दाखवला, त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘छान आहे, घरी ठेवा.’

फीबद्दल मला राग आहे तो वेगळ्याच कारणासाठी. कायम नोकरीतल्या माणसाला साडेसहा हजार जड नाहीत. पण तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवणाऱ्यांना तीच फी? आमच्या गटातली इंजिनिअरिंगची मुलगी कंत्राटी होती, आणि तिच्याकडून सवलतीचा अर्ज लिहून घेऊन तो शेवटपर्यंत कुणी वाचला नाही. ज्यांना मेंटॉरची सगळ्यांत जास्त गरज आहे तेच दारातून परत जात असतील तर संस्थेने विचार करावा. सीएचबीवाल्यांसाठी निम्मी फी ठेवली तर मी स्वतः माझ्या ओळखीतले चारजण पाठवीन.

जागा ठीक आहे. डेक्कन जिमखाना मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येतं, गाडी आणायच्या भानगडीत पडू नका. एसी बरा, चहा गोडमिट्ट, खुर्च्या गोल मांडलेल्या. भेटीनंतर आम्ही गुडलक कॅफेत जायचा प्रयत्न करायचो. शनिवारी संध्याकाळी आठजणांना एका टेबलावर जागा मिळणं म्हणजे अनुदानित जागेची जाहिरात निघण्याइतकं दुर्मीळ, त्यामुळे बहुतेक वेळा फर्ग्युसन रस्त्याच्या फुटपाथवरच उभं राहून बोलणं व्हायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छा आणि सुविचार टाकायचे नाहीत हा नियम ग्रंथपाल मॅडमनी केला आणि आजतागायत पाळला जातोय. कार्यक्रम संपला तरी आम्ही महिन्यातून एकदा भेटतो, आता फुकट.

कुणासाठी आहे? ज्यांची नोकरी लागून चार-सहा वर्षं झालीत, पीएचडी हातात आहे किंवा अर्ध्यावर अडकलीय, आणि विभागात मोकळेपणी बोलायला कुणी नाही, त्यांच्यासाठी. नवीन रुजू झालेल्यांनी थोडं थांबावं. त्यांना आधी वर्ग, परीक्षेची कामं आणि विद्यापीठाची पोर्टलं समजू देत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा ऐकवायला आवडतं त्यांनी येऊ नये, बाकी सातजणांची फी वाया जाते.

नोंदणी करण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: गट कोण चालवणार आहे आणि गटात एकाच कॉलेजचे किती जण आहेत. आमच्यासारख्या मॉडरेटर बाई मिळाल्या तर डोळे मिटून जा. फी दोन हप्त्यांत घेतात, पण ते फॉर्मवर छापलेलं नाही, तोंडाने मागावं लागतं. आणि पावती त्याच दिवशी घ्या. माझी अजून यायचीय.