लॅन केबल दगा देतेय: टोक बदलायचं की अख्खी केबल?

नेट मधूनच तुटतं आणि लिंकचा वेग 1000 ऐवजी 100 एमबीपीएस दिसतो? केबलमध्ये आठ तारा असतात. 100 ला त्यातल्या 1, 2, 3, 6 क्रमांकाच्या तारा पुरतात, 1000 ला आठही लागतात. म्हणजे उरलेल्या चारांपैकी एखादी बहुधा टेकत नाही.

टोक हलवल्यावर पोर्टचा (केबल खुपसतो त्या खाचेचा) दिवा विझत असेल, तर ते कापून नवा आरजे-45 (टोकाचा प्लास्टिकचा कनेक्टर) क्रिंप करा, म्हणजे खास पकडीने दाबून बसवा. तारांच्या जोड्यांचा पीळ 13 मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते आणि महिन्याभरात पुन्हा तेच रडगाणं.

केबल दारात चेमटली असेल, किंवा तार खरवडल्यावर आत पांढरी दिसत असेल (तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम!), तर क्रिंपिंगची मेहनत वाया. शुद्ध तांब्याची कॅट-6 दर्जाची केबल टाका. त्याआधी पाच मिनिटं दुसरी केबल लावून बघा. दोष पोर्टचाही असू शकतो.