सॉनिक पाय, दहा महिन्यांनंतर: आखाजीचा झोका कोडमध्ये बसवताना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सॉनिक पाय हे कोड लिहून संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं, आता श्रावण लागलाय. एवढ्या दिवसांत माझ्या अकरा रचना पूर्ण झाल्या, आणि पूर्ण म्हणजे दुसऱ्याला ऐकायला दिलेल्या. त्याआधी पाच-सहा वर्षं मी रेकॉर्डिंगची मोठी सॉफ्टवेअरं उघडायची, चार ओळींची चाल करून ठेवायची, आणि सोमवारी काम सुरू झालं की ती तिथेच राहायची. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय. दिवसा कोड लिहिणारी आणि रात्री जेवणं आटोपली की गाण्यात रमणारी माणसं खानदेशात बरीच आहेत, हे आता मला माहीत आहे.

मी जळगावात राहते, पुण्यातल्या एका कंपनीचं बॅकएंडचं काम घरून करते. पेटी थोडीफार येते. तबला शिकलेले नाही.

सॉनिक पाय हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. केंब्रिज विद्यापीठात सॅम ॲरन यांनी ते बनवायला घेतलं ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर शाळेतल्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवता यावं म्हणून. विंडोज आणि मॅकवरही चालतं. भाषा रुबीवर आधारलेली आहे, आवाज घडवायचं काम आतमध्ये सुपरकोलायडर हे दुसरं सॉफ्टवेअर करतं. 'प्ले ६०' लिहिलं की पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक ही पट्टी वाजते, 'स्लीप १' लिहिलं की एक मात्रा जाते. 'लाइव्ह लूप'मध्ये टाकलेला तुकडा फिरत राहतो, आणि तो वाजत असतानाच आकडा बदलून पुन्हा रन केलं की पुढच्या फेरीपासून नवा आकडा लागू होतो. वाजणं मध्ये तुटत नाही.

प्रोग्रामर म्हणून मला पहिल्याच आठवड्यात ज्या गोष्टीचं कौतुक वाटलं ती म्हणजे हा 'स्लीप'. साध्या रुबीत स्लीप म्हटलं की प्रोग्राम किमान तेवढा वेळ थांबतो, आणि मधल्या ओळी चालायला लागलेला वेळ त्यात वर जमा होत जातो. शंभर फेऱ्यांनंतर दोन लूप एकमेकांपासून सरकलेले कानाला कळतात. इथे प्रत्येक लूप स्वतःचा हिशेबातला वेळ वेगळा ठेवतो. सूर कधी वाजायचा त्याची वेळ आधीच लिहून सिंथकडे (आवाज तयार करणाऱ्या भागाकडे) पाठवली जाते, म्हणून कोडला थोडा उशीर झाला तरी सूर आपल्या जागेवरच पडतो. सॅम ॲरन यांनी डॉमिनिक ऑर्चर्ड आणि ॲलन ब्लॅकवेल यांच्यासोबत २०१४ साली यावर शोधनिबंधही लिहिला. मुलांसाठी बनवलेल्या साधनाच्या आत एवढा नीट विचार केलेला आहे, याचा मला मनापासून आदर वाटतो.

तबल्याचे आवाज आतच दिलेले आहेत. ना, तुन, के, ते, आणि घेचे तर आठ प्रकार. धा मात्र यादीत नाही. मी दोन दिवस शोधत होते, मग धुळ्याच्या मित्राने फोनवर सांगितलं, "ताई, धा वेगळा कुठून येणार? उजव्या हाताचा ना आणि डाव्याचा घे एकाच वेळी पडले की धा." दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या, मध्ये स्लीप नाही, आणि धा वाजला. तबला न शिकलेल्या मला तबल्यातली ही पहिली गोष्ट समजली ती अशी. ढोलकी, डफ, संबळ यांतलं काही त्यात नाही. ते स्वतः रेकॉर्ड करून घालावं लागतं, आणि ते सोपं आहे: वेव्ह फाइलचा पत्ता अवतरणचिन्हात लिहायचा, बस.

स्केलच्या यादीत भैरव, अहीरभैरव, मारवा, तोडी, पूर्वी ही नावं बघून फार आनंद झाला होता. पण तिथून राग मिळत नाही. अहीरभैरव मागितला की कोमल रिषभ आणि कोमल निषाद असलेले सात स्वर ओळीने मिळतात. कुठे थांबायचं, कुठून उतरायचं, कुठल्या स्वराला हळूच स्पर्श करायचा, हे सगळं आपणच लिहायचं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र चांगली जमते. एक सूर लांब धरून ठेवायचा, त्याला 'नोट स्लाइड' द्यायची आणि 'कंट्रोल'ने पुढच्या स्वरावर न्यायचा. घसरायला किती वेळ लागावा तो आकडा आपल्या हातात असतो. माझा या एका गोष्टीवर अख्खा डिसेंबर गेला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय तो भाग.

माझी मावशी पारोळ्याजवळच्या एका खेड्यात असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही माहेरवाशिणी तिथे जमतो. दाराजवळच्या निंबाला झोका बांधलेला असतो, दुपारी ऊन कितीही असलं तरी त्या निंबाखाली गाणी सुरू होतात. या वर्षी मी फोनवर रेकॉर्ड करून आणलं. जळगावला आल्यावर मावशीच्या गाण्यामागे ताल लावायला बसले, तर काही केल्या बसेना. कधी ती पुढे, कधी तबला पुढे. मला वाटलं, मावशी तालात गात नाही.

मग नुसतं ऐकलं, घड्याळ लावून. एक ओळ चार सेकंदांत संपत होती. पुढची ओळही चार, त्याच्या पुढचीही. पहिल्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत हा हिशेब हलला नाही. आणि रेकॉर्डिंगमध्ये ओळीच्या सुरुवातीला दर वेळी एक बारीक आवाज होता: दोर फांदीवर घासल्याचा 'कर्र'. ती झोक्याबरोबर गात होती. झोका पुढे जाऊन मागे आला की ओळ पूर्ण.

शाळेत लंबक शिकलेलो असतो आपण. झोक्याच्या एका फेरीला लागणारा वेळ दोराच्या लांबीवर ठरतो, बसणारीच्या वजनावर नाही, आणि झोका फार उंच नेला नाही तर उंचीनेही त्यात विशेष फरक पडत नाही. मावशीला फोन करून दोर मोजायला लावला. फांदीपासून पाटापर्यंत तेरा फूट, म्हणजे चार मीटरला थोडं कमी. सूत्रात चार मीटर घातले की उत्तर येतं जवळपास बरोबर चार सेकंद. सॉनिक पायची मूळ लय मिनिटाला ६० मात्रांची असते, म्हणजे एक मात्रा एका सेकंदाची. झोक्याची एक फेरी म्हणजे चार मात्रा. मला लय बदलायचीही गरज नव्हती.

तरी काहीतरी अडत होतं. चार सेकंदांची बेरीज जुळत होती, पण आतल्या चार मात्रा सारख्या नव्हत्या. झोका दोन्ही टोकांना क्षणभर रेंगाळतो आणि मधून वेगाने जातो, तशीच मावशी टोकाचं अक्षर लांबवते आणि मधलं पटकन टाकते. ही दुरुस्ती मी केली नाही, धुळ्याच्या मित्राने केली. मी पाठवलेल्या फाइलमध्ये त्याने एकच ओळ बदलली: 'स्लीप १'च्या जागी १.१५, ०.८५, १.१५, ०.८५ अशी फिरती माळ. बेरीज चारच. ती फाइल रविवारी रात्री चालवली तेव्हा तबला आणि मावशी एकत्र चालायला लागले. मी त्या रात्री तो तुकडा किती वेळा ऐकला त्याची मोजदाद नाही.

स्वरांचंही तसंच. मावशीचा सा पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये कुठेतरी होता. पेटीवर तो मिळणार नव्हता. इथे पूर्णांकच लिहायचा असं बंधन नाही, ५७.४ लिहिलं आणि सा जुळला. तिचा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला निघाला. सा पासून ४ ऐवजी ३.८६ पट्ट्या धरल्यावर तोही मिळाला. ३.८६ म्हणजे पाचास चार या गुणोत्तराचा शुद्ध गंधार. तिने हे कुठे शिकलेलं नाही. तिच्या आईकडून ऐकलं, तिच्या आईने तिच्या आईकडून.

एक सावधगिरी. गाण्याचा तुकडा ठरावीक मात्रांत बसवायला 'बीट स्ट्रेच' आहे, पण ते वाजवण्याचा वेग बदलतं, त्यामुळे स्वरही वर-खाली होतो. स्वर तसाच ठेवणारं 'पिच स्ट्रेच' वेगळं आहे, त्यात आवाज खरखरीत होतो. माणसाच्या गळ्याला मी दोन्ही लावत नाही. कोडनेच गळ्याच्या मागे जावं.

मावशीला पुढच्या भेटीत ऐकवलं. ती हेडफोन कानाला धरून बसली आणि म्हणाली, "हाऊ मन्हाच आवाज शे का वं?" मग पूर्ण ऐकून, हेडफोन काढून, "गानं म्हनाले झोका लागस." झोका आहे मावशी, म्हटलं, आकड्यांत आहे. तिने पुन्हा लावायला सांगितलं.

देवाणघेवाणीबद्दल. आम्ही तिघं आहोत: मी, धुळ्याचा मित्र, आणि मूळची शहाद्याची, आता पुण्यात टेस्टिंगचं काम करणारी एक मैत्रीण. दर रविवारी एकाने फाइल पाठवायची, पुढच्या रविवारी दुसऱ्याने त्यात बदल करून परत द्यायची. गाण्याची कोडफाइल काही केबींची असते. नुसता आवाज पाठवला तर समोरचा 'छान' म्हणतो आणि पुढे जातो. कोड पाठवला की तो आत शिरतो, आकडे हलवून बघतो. वरची १.१५ ची दुरुस्ती अशीच झाली. शिवाय सॉनिक पायमधली यादृच्छिकता ठरलेली असते: 'आर रँड'ने निवडलेले स्वर माझ्याकडे जे येतात तेच त्याच क्रमाने धुळ्यालाही येतात, आणि बियाण्याचा आकडा (सीड, ज्यावरून ही निवड सुरू होते) बदलला की दोघांकडे सारखेच बदलतात. त्यामुळे "तुझ्याकडे वेगळं वाजतंय का?" हा प्रश्नच उरत नाही. फक्त स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज सोबत पाठवायला विसरू नका.

मे महिन्यातला अनुभव वेगळा सांगायला हवा. जळगावात पारा ४५ च्या आसपास गेला की माझा सहा वर्षं जुना लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. मग कोड मागे पडतोय अशी सूचना यायला लागते आणि ठेके गळतात. यात निम्मी चूक माझ्या लिहिण्याची होती. मी घुमारा देणारा 'रिव्हर्ब' लूपच्या आत लिहायचे, त्यामुळे प्रत्येक फेरीला नवा रिव्हर्ब तयार व्हायचा. तोच लूपच्या बाहेर, सगळ्याला मिळून एकदा लावला आणि भार एकदम उतरला. बाकी निम्म्यावर उपाय म्हणजे पहाटे पाचला बसणं. आमच्याकडे मे महिन्यात तीच वेळ बरी.

रेकॉर्डिंगचं बटण आहे, पण ते वाजतंय तसंच टिपतं. चार मिनिटांचं गाणं उतरायला चार मिनिटं लागतात, आणि सगळं मिळून एकच फाइल येते. तबला वेगळा, गळा वेगळा असं हवं असेल तर एकेक लूप चालू ठेवून वेगवेगळं रेकॉर्ड करायचं आणि ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचं. यादृच्छिकता ठरलेली असल्यामुळे हे जुळतं, पण वेळखाऊ आहे. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा पोचतो, तारेचाच घ्या.

सगळ्यात मोठी उणीव माझ्या दृष्टीने ही, की ते फोनवर चालत नाही. आमच्याकडे गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांकडे फोनच आहे, त्यामुळे घरच्यांना शेवटी रेकॉर्डिंगच पाठवावं लागतं.

त्यासाठी मी दोन महिने स्ट्रडेलही वापरून पाहिलं. ॲलेक्स मॅक्लीन यांचं टायडल हे हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं संगीताचं साधन, त्याचीच ही जावास्क्रिप्टमधली आवृत्ती, मॅक्लीन आणि फेलिक्स रूस यांनी २०२२ मध्ये सुरू केलेली. ब्राउझरमध्ये उघडतं, फोनवरही. त्याचा विचार मात्रांपासून नाही, आवर्तनापासून सुरू होतो: एका आवर्तनात पाच बोल लिहा नाहीतर सात, ते आपोआप सारखे वाटले जातात. आपल्या तालाच्या कल्पनेला हे जवळचं आहे, आणि त्यामागे नातंही आहे. १९८० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी जेम्स किपेन यांच्यासोबत लखनौच्या तबल्यातल्या कायद्यांचा (ठरावीक बोलांचा विस्तार करत वाजवायच्या रचनांचा) अभ्यास करण्यासाठी 'बोल प्रोसेसर' नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. टायडलमागच्या प्रेरणांमध्ये मॅक्लीन त्याचं नाव घेतात. केरवा, दादरा असा ताल झटपट करून बघायचा तर मी आता स्ट्रडेलच उघडते. पण सारखं वाटणं हीच मावशीच्या गाण्याला अडचण. टोकाला रेंगाळणारा झोका मला सॉनिक पायमध्ये लिहायला सोपा गेला, म्हणून मुक्काम तिथेच आहे.

कोणी घ्यावं? प्रोग्रामिंग येत असेल आणि कुठलंही एक वाद्य थोडं येत असेल, तर आजच घ्या. पैसे लागत नाहीत. विकास लोकांच्या मासिक वर्गणीवर चालतो, मी जानेवारीपासून थोडी देते. लग्नाच्या बँडसारखं भरगच्च, चकचकीत गाणं करायचं असेल तर हे साधन तुमचं नाही, मोठ्या सॉफ्टवेअरकडे जा. गाणं येतं पण कोडची भीती वाटते, अशांना पहिला महिना जड जाईल. कोणीतरी सोबत असू द्या.

नागपंचमीनंतरच्या रविवारी मावशीकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसेल. रात्रभर गाणी होतील, रेकॉर्डर घेऊन जाणार आहे. ती गाणी झोक्यावरची नाहीत, टाळ्यांची आहेत, तेव्हा त्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. झोक्याच्या गाण्यांचं काम मात्र अजून एकाच निंबापुरतं झालंय. साक्री, शिरपूर, चोपडा, तळोदा, कुठेही तुमच्या घरी आखाजीचा झोका बांधत असतील आणि कोणी गात असेल, तर पुढच्या वर्षी फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी दोर मोजून ठेवा. आमच्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत आता गावाचं नाव आणि दोराची लांबी असते.