लातूरजवळ प्लॉट घेताना माझे 5,75,000 रुपये असे गेले

लिहायची लाज वाटते. पण रिंग रोडपलीकडच्या रानांत अजूनही ‘एनए होणार’, म्हणजे शेतजमीन बिगरशेती होणार, म्हणून गुंठे विकले जाताहेत, म्हणून लिहितो.

डिसेंबर 2023. दोन गुंठे, म्हणजे 2,178 चौरस फूट, गुंठ्याला 3,25,000. टोकन 51,000, आरटीजीएस 4,00,000, रोख 1,24,000. उरलेले 75,000 एनए झाल्यावर द्यायचे. हातात काय, तर 100 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे पुढं विकण्याचा नुसता करार. रोख कधीच देऊ नका. त्या 1,24,000 चा माझ्याकडे चिटोरासुद्धा नाही.

मी काही डोळे झाकून गेलो नव्हतो. मुलगी लातुरात क्लासला, खोलीभाडं भरून कंबर मोडलेली, शहरातला एनए प्लॉट पगारात बसत नव्हता. ऑफिसातल्या दोघांनी तिथंच घेतले होते. सातबाराही पाहिला. नावं चार, साठेखतावर सही एकाची. ‘बाकीच्यांची संमती आहे,’ एजंट म्हणाला.

पण कळायला हवं होतं ते रानात. उभ्या तुरीतून फक्कीच्या रेघा मारलेल्या, काळ्या मातीवर मुरूम ओतून रस्ता, चाकाखाली चिरडलेल्या शेंगा. बांधावर बसलेली म्हातारी मला म्हणाली, ‘माजा अंगठा घेतला न्हाई कुनी, बघा.’ स्वच्छ ऐकलं मी. ‘आजींना कळत नाही, चला साहेब,’ एजंट म्हणाला आणि मी चालू लागलो! सातबारा माझ्या खिशात होता. तिसरं नाव तिचंच होतं. तिथंच थांबून नाव विचारायला किती वेळ लागला असता?

तलाठी म्हणतात, नोटरीवर फेरफार होत नाही, म्हणजे सातबारावर नाव चढत नाही. दुय्यम निबंधकांकडे सांगितलं, तुकडेबंदी कायद्यानं जिरायत 20 गुंठ्यांखाली खरेदीखत होणार नाही. पोलीस म्हणतात, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. अर्जाची पोच मिळायला तीन फेऱ्या झाल्या. अहो, चौघांची जमीन एकानं विकून पैसे खाल्ले, हे दिवाणी? ‘प्लॉट विकणे आहे’चा भला मोठा बोर्ड वर्षभर रस्त्यावर होता, या अधिकाऱ्यांच्या गाड्या रोज त्याखालून जात होत्या. एनए आदेशाचा नंबर एकानंही विचारला नाही. तुकडेबंदी आठवते ती आम्ही कागद घेऊन दारात गेल्यावर!

एनए आदेश आणि मंजूर लेआउट बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका. सातबारावरच्या प्रत्येकाला घरी जाऊन भेटा, बहिणींनासुद्धा.

एजंटचा फोन बंद आहे. मुरूम पडलेल्या पट्ट्यात यंदाही पेरणी झाली नाही. म्हातारीनं वाटणीचा दावा टाकलाय. त्यात विकणाऱ्या भावाबरोबर मीही प्रतिवादी आहे.