स्पूक की स्केअरमेल?

ईमेल चाळणाऱ्या पाळत-यंत्रणांची थोडी फिरकी घ्यावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत: ईमॅक्स या मजकूर-संपादन करणाऱ्या संगणक-प्रोग्राममधील ‘स्पूक’ ही जुनी आज्ञा आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणांची पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांच्या गौप्यस्फोटानंतर बेन ग्रोसर या अमेरिकन कलाकाराने २०१३ मध्ये जीमेलसाठी केलेले ‘स्केअरमेल’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. संशयास्पद शब्द पेरून यंत्रणेला निरर्थक मेलांच्या ढिगात गुंतवावे, हा दोहोंमागील तर्क एकच आहे. मजकूर गुप्त राखणे हे यांपैकी कोणाचेच काम नाही. त्यासाठी पीजीपी ही मजकूर कूटबद्ध करणारी प्रणालीच वापरावी.

कल्पकतेत स्केअरमेल निःसंशय पुढे आहे. शब्दांची नुसती यादी यंत्राला सहज गाळता येते, हे ओळखून ते प्रत्येक नव्या मेलच्या स्वाक्षरीत असा परिच्छेद जोडते, की ज्याची वाक्ये व्याकरणाला धरून वाटतात, पण ज्यातून अर्थ काहीच निघत नाही.

माझी अडचण नेमकी येथेच झाली. अक्कलकोट रोडवरील एका यंत्रमाग कारखानदारांना टॉवेलच्या मापांविषयी मी पाठवलेल्या मेलखाली तो परिच्छेद गेला आणि दुपारी त्यांचा फोन आला, “साहेब, खालच्या इंग्रजी अटी आमच्या वकिलांना दाखवाव्या लागतील का?” यंत्राने तो मजकूर वाचला की नाही, हे मला कधीच कळणार नाही, कारखानदारांनी मात्र तो शेवटपर्यंत वाचला होता.

स्पूकचे शब्द, उलटपक्षी, इतके उघडपणे असंबद्ध असतात की ते कोणी मनावर घेत नाही. तशी सोय मुद्दाम करून ठेवली नसेल, तर ते आपणहून जोडले जात नाहीत, आज्ञा दिल्यावरच उमटतात. एरवी पंधरा शब्दप्रयोग येतात, पण ती संख्या आणि शब्दांची फाईल दोन्ही बदलता येतात. यंत्रणेविषयीचा संशय खरा असो वा नसो, निदान काहींची करमणूक तरी होते, असे ईमॅक्सची माहितीपुस्तिकाच सांगते आणि तो प्रांजळपणा मला आवडतो.

अर्थात, केवळ एवढ्यासाठी ईमॅक्स शिकण्याचा व्याप कोणी करावा, असे मी म्हणणार नाही. ज्यांचा पत्रव्यवहार जीमेलवरून आणि जाणत्या मित्रांशीच चालतो, त्यांना कदाचित स्केअरमेल अधिक रुचेल. परंतु ज्यांच्या मेलांत भाव, मापे आणि मुदती असतात, त्यांनी माझ्या मते स्पूकच निवडावे, आणि तेही व्यवहाराच्या मेलांपासून दूर ठेवावे.