ठाण्यातलं छोटं केअर सेंटर की बदलापूर-पनवेलकडचं मोठं आवार?

आई किंवा वडील अंथरुणाला खिळले आहेत, ब्युरोच्या (घरी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेच्या) मावशी टिकत नाहीत, आणि आता कुठंतरी ठेवायचंच असं घरात ठरलंय. ठाणे-नवी मुंबईत अशा वेळी साधारण दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे कोपरखैरणे-ऐरोलीच्या रो-हाउसमध्ये किंवा घोडबंदर रोडजवळच्या बंगल्यात चालणारं १५-२० खाटांचं केअर सेंटर. दुसरा, बदलापूर, कर्जत किंवा पनवेलच्या बाजूचं झाडाझुडपांचं, देऊळ आणि सभागृह असलेलं मोठं आवार. फोटोत दुसरं छान दिसतं. पण जो माणूस खाटेवरून उठत नाही त्याला बाग काय कामाची? त्याला दर दोन तासांनी कूस बदलून देणारं कुणीतरी हवं, रात्री तीन वाजतासुद्धा. म्हणून दोन्ही जागा रात्रीच्या हिशोबाने तोलून पाहा.

भेट द्यायला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जा, न कळवता. बहुतेक ठिकाणी आठला पाळी बदलते. जाणारी मावशी येणारीला खाटेपाशी उभं राहून सांगते का (किती लघवी झाली, काय खाल्लं, कुठं लाली दिसली), की पॅसेजमध्येच चावी देऊन निघते, हे तेव्हा दिसतं. छोट्या जागेत रात्री १५ जणांमागे एकच बाई आणि एक मामा (पुरुष मदतनीस) असतात असं बरेचदा आढळतं. जड माणसाची कूस बदलायला दोघं लागतात, म्हणजे त्या वेळी बाकी १४ जणांकडे कोणी नाही. मोठ्या आवारात माणसं जास्त, पण इमारती पांगलेल्या. नर्स मुख्य इमारतीत आणि तुमची खाट मागच्या कॉटेजमध्ये असेल तर बेल वाजवून ती किती मिनिटांत पोचते ते तिथंच घड्याळ लावून पाहा.

बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने कातडीला होणारी जखम, हा दोन्हीकडचा खरा कस. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे या जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही, आणि ओल्या डायपरने ती आणखी मऊ पडते. लाल डाग बोटाने दाबून सोडा. क्षणभर पांढरा झाला तर ठीक. लालच राहिला तर पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, तिथं हात लावून गरमपणा किंवा कडकपणा जाणवतो का ते बघायचं. मग कूस बदलण्याचं रजिस्टर मागा. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताच्या, बरोबर ८-१०-१२ अशा गोल वेळांच्या असतील तर तो तक्ता एका बैठकीत भरलेला आहे. दुपारी चार वाजता सहाची सही झालेली दिसली, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

बेडसोर टाळायला वापरतात ती, पंपाने हवा भरायची गादी दाखवून ‘आमच्याकडे सगळ्यांना आहे’ असं दोन्हीकडे सांगतात. पंपाचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं; शेवटापर्यंत फिरवून ठेवलं की गादी फळीसारखी कडक होते. रुग्ण झोपलेला असताना कमरेखाली, गादीच्या तळाशी हात सरकवून पाहा: हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे, साधारण इंचभर उशी राहायला हवी. वीज गेल्यावर हा पंप आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजन देणारं विजेवरचं यंत्र) इन्व्हर्टरवर चालतात का, की तिथं फक्त दिवे-पंखे जोडलेत, तेही विचारा. पावसाळ्यात गावाबाहेरच्या आवारात याचं महत्त्व दुपटीने वाढतं.

नळीने जेवण असेल तर भरवताना आणि नंतर किमान अर्धा तास डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. आडवं ठेवून भरवलं की अन्न फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकलेली, जमिनीला न टेकणारी. सकाळी अकराला सगळेच्या सगळे गाढ झोपलेले दिसले, किंवा कुणाचे हात खाटेला बांधलेले दिसले, तर गोळ्यांचा तक्ता बघून डॉक्टरांनी काय लिहिलंय ते विचारल्याशिवाय निघू नका.

माणसांच्या बाबतीत आवाराची बाजू भक्कम आहे. तिथं बरेचदा कर्मचारी आतच राहतात, त्यामुळे जुलैत रुळांवर पाणी आलं तरी पाळी चुकत नाही. शहरातल्या छोट्या जागेत माणसं दिवा, कल्याण, कळव्याहून लोकलने येतात. गाड्या बंद पडल्या की आदल्या रात्रीचीच बाई पुढचा दिवस काढते, आणि थकलेला माणूस कूस बदलायचं पहिलं सोडतो. गणपतीत गावी किती जण जातात आणि त्यांच्या जागी कोण येतं, हा प्रश्न मालकाला थेट करा.

दवाखान्याच्या बाबतीत मात्र शहर पुढे. पक्षाघाताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यात सीटी स्कॅनचा वेळही धरायचा. बदलापूरहून शिळफाट्याच्या कोंडीतून येताना त्यातला किती उरेल? पनवेलकडची जागा कामोठे किंवा नेरूळच्या मोठ्या रुग्णालयांना जवळ असेल, तर ही अडचण बरीच कमी होते. रो-हाउसमध्ये उलट त्रास जिन्याचा. स्ट्रेचर सहा फुटांहून लांब असतं, वळणावर अडकतं. वरच्या मजल्याची खाट असेल तर रुग्णाला खाली कसं आणतात ते करून दाखवायला सांगा.

कागदपत्रांत एक गोष्ट पक्की करा: तिथं सलाईन, इंजेक्शन असे उपचार होतात का? होत असतील तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं महापालिकेचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरची खाटांची संख्या मोजून पाहा. नर्स म्हणून ओळख करून दिली त्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे का, तेही. मावशी चांगल्या असू शकतात, पण इन्सुलिनचा डोस ठरवणं त्यांचं काम नाही. पैशांचं म्हणाल तर डायपर, फिजिओ, रुग्णालयात सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च आणि अनामत परत मिळण्याची मुदत लेखी घ्या.

आमचं मत स्पष्ट आहे. जेवणाची नळी, कॅथेटर (लघवीची नळी), जखम यांपैकी काही असेल तर रात्री नोंदणीकृत नर्स असलेली आणि घरून अर्ध्या तासात पोचता येईल अशी छोटी जागा घ्या, कारण वेळीअवेळी डोकावणारे नातेवाईक हीच तिथली खरी तपासणी. स्वतः चालणाऱ्या, गप्पांची आवड असलेल्या माणसाला आवार मानवतं. स्मृतिभ्रंशामुळे बाहेर निघून जाणाऱ्यासाठी आवाराचं कुंपण आणि फाटकावरचा माणूस आधी पाहा.

दाखल करताना नर्ससोबत पाठ, टाचा, खुबे बघून आहे ती स्थिती आणि वजन लिहून दोघांच्या सह्या घ्या. वजन दर महिन्याला परत मागा. महिन्यात पाच टक्के उतरलं तर खाणं किंवा भरवणं कमी पडतंय असं धरून डॉक्टरांना दाखवा. आणि प्रत्येक भेटीत चादर बाजूला करून टाचा पाहा. तक्रार ऐकून घेतली जात नसेल, तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.