‘सिरॅमिक’ म्हणून पॅकिंगचा फोम: पद्मिनीच्या फायरवॉलचा अनुभव

पद्मिनी, ॲम्बेसिडर किंवा त्या काळातली कुठलीही जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करताय आणि फायरवॉलचं आतलं इन्सुलेशन बाहेर करायला देणार आहात, तर आधी हे वाचा. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्याला आतून लावतात तो हा पॅड. डॅशखाली, कार्पेटच्या मागे. एकदा बसला की कुणाच्या नजरेला पडत नाही, आणि फसवणाऱ्याला तेच हवं असतं.

गाडी वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. जुना पॅड म्हणजे डांबर पाजलेला जाड पुठ्ठा आणि मागे ज्यूटचा नमदा (तंतू दाबून केलेला जाड थर). खालून पाण्याने कुजला होता, पण स्टिअरिंग कॉलम, स्पीडोमीटरची केबल, वायरिंग यांची वरची भोकं शाबूत होती. नाशिकमध्ये द्वारकेच्या बाजूला सीटकव्हर-कुशनचं काम करणाऱ्या एकाकडे गाडी नेली. “साहेब, नमदा-बिमदा आता कोण टाकतं? सिरॅमिकचं शीट टाकतो, पाय गार राहतील.” साडेआठ हजार ठरले, निम्मे आगाऊ. पावती म्हणजे व्हिजिटिंग कार्डामागे खरडलेलं ‘इन्सुलेशन काम’. जुना पॅड नमुन्यासाठी त्यानेच ठेवून घेतला.

गाडी आली तेव्हा वरून फर्स्टक्लास. काळं कार्पेट, कडेला सुबक शिवण. पण दुपारभर उन्हात उभी राहिली की दार उघडताच डांबराचा भपकारा यायचा. वडील म्हणाले, नवं काम आहे, जाईल. मुंबईहून परतताना कसारा घाट चढायला लागलो तसा तो वास डोक्यात जायला लागला, आणि पायाला पहिल्यापेक्षा जास्त झळ. इगतपुरीला चहाला थांबलो आणि कार्पेटचा कोपरा उपसला.

आत चंदेरी कागद लावलेला पांढरा फोम. फ्रिजच्या खोक्यात येतो तो. तोही गच्चीची गळती बुजवायच्या डांबरी टेपने चिकटवलेला. टेप सुटून खाली ओघळली होती, बोट लावलं की काळी तार निघत होती. एका बाजूला फोम आक्रसून पत्रा उघडा पडला होता. सगळ्यात वाईट प्रकार वायरिंगपाशी: भोकातला रबरी ग्रोमेट (पत्र्याची धार वायरला लागू नये म्हणूनची रिंग) गायब, आणि कटर फिरवताना एका वायरच्या आवरणाला चीर गेलेली. आत तांबं चमकत होतं. पेट घेणारा फोम आणि त्याला खेटून उघडी वायर!

चंदेरी दिसलं की माणूस भुलतो. पण ती चकाकी उष्णता परतवते ती समोर हवेची फट असेल तरच. पत्र्याला चिकटवली की संपलं, ऊब सरळ आत. पॉलिथिनचा फोम साधारण ११० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि मऊ त्याआधीच पडतो. गाडीच्या आतलं सामान किती वेगाने जळू शकतं यासाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक आहे. आमच्या कुशनवाल्याने हे नाव ऐकलेलंही नव्हतं.

म्हणून काम देण्याआधी शीटचा बोटभर तुकडा मागा आणि उघड्यावर, चिमट्यात धरून पेटवा. फोम जळते थेंब गाळतो. सिरॅमिक फायबर पेटतच नाही (त्याची धूळ मात्र श्वासात जाऊ देऊ नका). लोकरीचा नमदा काळा पडतो, ज्योत बाजूला केली की बहुधा विझतो. ज्यूट पेटतो, तेव्हा त्याला आगरोधक प्रक्रिया केलेली आहे का ते विचारा. तुकडा द्यायला जो कां-कूं करेल त्याच्याकडून गाडी परत आणा. बिलावर मालाचं नाव लिहून घ्या. आणि जुना पॅड कितीही कुजलेला असो, खाकी कागदावर त्याचा नमुना स्वतः उतरवा, पॅड हातचा सोडू नका.

कारण आमचा गेला. जाब विचारायला गेलो तर म्हणे, “भंगारात दिला. आणि आत कोण बघतंय साहेब?”

बिल नव्हतं, पण ‘सिरॅमिकच टाकलंय’ असं त्याने व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं होतं, ते कामी आलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हेही त्याला ऐकवलं. चार हजार परत आले. बाकीच्यांसाठी ‘बघू, करू’ चालू आहे.

सिडकोतल्या एका मित्राच्या पद्मिनीवरून आता पुठ्ठ्याचा नमुना कापलाय. पत्रा घासून गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारला, वायर बदलली, ग्रोमेट नवे घातले. त्याच्या गाडीचं वायरिंगचं भोक मात्र आमच्याशी जुळत नाही. कुणाकडे जुना, अख्खा पॅड असेल तर टाकू नका. माप घ्यायला मी येतो.